पंख असलेले पान

दोंडाईच्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला आधी मिरची आठवते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव. हंगामात इथे लाल मिरचीचे ढीग लागतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की सगळा बाजार शिंकू लागतो. तापी फार लांब नाही, तरी मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि नळ कधी येणार यावर घरातली कामे ठरतात. अशा या खानदेशातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत, दूरदर्शन संचाच्या शेजारी, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला एक मासा राहतो. चपटा, उभ्या पट्ट्यांचा, वरखाली लांब पर असलेला. दुकानदार त्याला ‘एंजल’ म्हणतो, पोरेही एंजलच म्हणतात.

हा मासा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. आपल्याकडे तो पुष्कळदा आठ-दहा महिनेही काढत नाही. घरचे लोक म्हणतात, ‘रोज न चुकता खायला घालत होतो, तरी गेला.’ यातला ‘तरी’ हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. पेटीतला एंजल उपासाने क्वचित मरतो, अन्नाने जास्त मरतो. असे का होते, हे समजायला दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात. एक आपल्याकडे माशांना खाऊ घालण्याचा, आणि दुसरा या माशाच्या ओळखीचा. दोन्ही एका काचेच्या पेटीत येऊन भेटतात. या लेखाचा विषय तीच भेट आहे.

राजाचा विनोद आणि देवाचे मासे

दख्खनमध्ये माशांच्या खाण्याविषयी लिहिलेला एक महत्त्वाचा मजकूर एका राजाच्या नावावर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. या ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारे काही त्यात आहे. मराठी वाचकाला तो दुसऱ्या एका कारणाने परिचित असतो. जुन्या मराठीचे काही अंश त्यात सापडतात, म्हणून भाषेच्या इतिहासात त्याचे नाव येतेच. गजानन श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी तो संपादित केला आणि १९२५ पासून तो खंडाखंडाने छापला गेला.

या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ टाकून मासे धरणे हा राजाचा खेळ. पण त्याआधी मासे ओळखायचे आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, असे प्रकार पाडले आहेत. पुढचा भाग आपल्या कामाचा. कोणत्या माशाला काय चारावे, हे जातीनुसार सांगितले आहे. कोणाला तिळाचा कल्क, कोणाला पिठाचे गोळे, मांस खाणाऱ्याला मांस. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा हे स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. १९५१ मध्ये त्यांनी या प्रकरणावर निबंध लिहून त्यातले निरीक्षण शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. हेतू मासा धरण्याचा होता, हे खरे. तरी ‘मासे’ असे एकच गाठोडे न बांधता प्रत्येक जातीचे तोंड आणि पोट वेगळे मानणारा हा मजकूर आहे. आज ‘फिश फूड’ लिहिलेली एकच डबी सगळ्या माशांवर रिकामी करणाऱ्या आपल्या पिढीपेक्षा तो सूक्ष्म आहे.

दुसरी परंपरा देवाची. तीर्थाच्या घाटावर माशांना लाह्या किंवा कणकेच्या गोळ्या टाकणे, हे पुण्याचे काम. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे मानले जातात, त्यांना कोणी धरत नाही. भाविक लाह्या, तांदूळ टाकतात आणि पाण्यातून मोठमोठे मासे वर येतात. महसीर कुळातल्या या माशांना अशा श्रद्धेने जे संरक्षण दिले, ते दुसरीकडे कायद्यालाही जमलेले नाही.

या दोन्ही परंपरांमध्ये एक गोष्ट गृहीत होती आणि ती कोणी लिहून ठेवण्याची गरज नव्हती. पाणी वाहते आहे, किंवा डोह भरपूर मोठा आहे. मूठभर लाह्यांतल्या निम्म्या माशांनी खाल्ल्या नाहीत, तर उरलेल्या पुढे जातात. त्या कुजल्या तरी त्यांचा हिशेब नदी करते. दान देणाऱ्याला फक्त हात मोकळा सोडायचा असतो. हाच मोकळा हात आपण काचेच्या पेटीवर नेला. तिथे नदी नव्हती.

काचेतले तळे

घरात काचेच्या भांड्यात मासे जगवणे ही गोष्ट रसायनशास्त्रातून आली. लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८४९ मध्ये एका काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि तळाच्या मातीत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. कल्पना अशी की मासा श्वासातून जो वायू सोडतो तो वनस्पती घेईल, आणि वनस्पती जो प्राणवायू सोडते तो माशाला मिळेल. काही दिवस ठीक गेले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननी त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. हा प्रयोग त्यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि कुजलेले खाणारा प्राणी, असा तिघांचा संसार तिथे पहिल्यांदा नीट वर्णिला गेला.

ज्या वनस्पतीने हे घडवले ती काही परकी नव्हे. रिबिनीसारखी लांब पाने असलेली व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ पाण्यातही वाढते. आपण तिला ‘शेवाळ’ या एका शब्दात काढून टाकतो, आणि शहरात गेल्यावर दुकानातून पैसे देऊन तिचीच जुडी आणतो.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि या पेटीला आज आपण वापरतो ते नाव रूढ झाले. इंग्लंडात लाटच उसळली. लोक टोपल्या आणि बरण्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि खडकांतल्या डबक्यांतले जीव खरवडून घरी आणू लागले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ च्या आत्मकथनात याबद्दल खंत व्यक्त केली. वडिलांनी ज्या डबक्यांचे सौंदर्य लोकांना दाखवले, ती डबकी बघायला आलेल्या लोकांनीच उजाड केली. छंदाच्या इतिहासात हा धडा फार लवकर मिळाला, आणि तितक्याच लवकर विसरला गेला.

विक्रीच्या यादीतला मासा

वॉरिंग्टनच्या भांड्यात आणि गॉसच्या पुस्तकात एंजल नव्हता. तोपर्यंत तो युरोपात मेलेलाच माहीत होता.

त्याची पहिली शास्त्रीय नोंद १८२३ ची आहे आणि ती मोठ्या ग्रंथात नाही. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयाकडे काही नमुने एकाहून अधिक होते. ते विकण्यासाठी संग्रहालयाचे प्रमुख लिख्टेनश्टाइन यांनी यादी छापली. त्या यादीत ‘झेउस स्केलॅरिस’ या नावाने हा मासा आला. ‘झेउस’ ही समुद्री माशांची प्रजाती. आकार चपटा आणि उंच, म्हणून त्याला तिथे बसवला. काही वर्षांनी फ्रान्सच्या क्यूव्हिए यांनी त्याला ‘प्लॅटॅक्स’ या दुसऱ्या समुद्री प्रजातीजवळ नेले. गोड्या पाण्यातल्या माशाला दोनदा समुद्रात ढकलले गेले, कारण तो कुठे आणि कसा राहतो हे बाटलीतल्या मद्यार्कात दिसत नव्हते.

मग व्हिएन्नाचे योहान याकोब हेकेल यांच्या हाती योहान नाटेरर यांनी ब्राझीलमध्ये जमवलेले मासे आले. नाटेरर तिथे १८१७ पासून अठरा वर्षे नमुने गोळा करत फिरले होते. हेकेलनी १८४० मध्ये या माशासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि तिचे नाव ठेवले ‘टेरोफायलम’. ग्रीक शब्दांचा अर्थ, पंख असलेले पान. ‘स्केलॅरिस’ हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांशी संबंधित आहे. पाठीवरच्या पराचे काटे पायरीपायरीने उंच होत जातात, त्यावरून तो आला.

हेकेलनी जिवंत मासा पाहिला नव्हता. तरी ‘पान’ हा शब्द त्यांना सुचला आणि तो अचूक होता. ॲमेझॉनच्या संथ फाट्यांत, बुडालेल्या फांद्यांच्या आणि उभ्या देठांच्या गर्दीत हा मासा राहतो. समोरून पाहिला तर जाड कागदाच्या कडेएवढा दिसतो. दोन देठांमधल्या फटीतून तो सहज निघून जातो. अंगावरचे काळे उभे पट्टे त्या देठांच्या सावल्यांत मिसळतात. स्थिर उभा राहिला की तो मासा आहे हे शेजारच्या छोट्या माशाला कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

या प्रजातीत आज तीन जाती मानतात. ओरिनोकोच्या खोऱ्यातली उंच ‘आल्टम’ पेलग्रँ यांनी १९०३ मध्ये वर्णिली. तिसरी ‘लिओपोल्डी’ १९६३ मध्ये बेल्जियमच्या ज्यां-पियेर गॉस यांनी, माजी राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या नावाने. आडनाव तेच गॉस, पण ‘ॲक्वेरियम’वाल्या गॉसशी यांची गल्लत करू नये. आपल्या पेट्यांत असतो तो बहुधा स्केलॅरिस किंवा त्याच्यापासून तयार केलेल्या जाती.

जिवंत एंजल युरोपात उतरले ते १९०९ च्या सुमारास, जर्मनीच्या हॅम्बर्ग बंदरात. गंमत अशी की त्याच १९०९ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर सार्वजनिक मत्स्यालय उघडले. बाटलीतल्या ओळखीपासून जिवंत भेटीपर्यंत शहाऐंशी वर्षे गेली. जर्मन लोकांनी त्याला ‘शिडाच्या परांचा’ म्हटले, इंग्रजीत तो देवदूत झाला. सुरुवातीला त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती, कारण तो पेटीत वीण देत नव्हता. १९१४ च्या सुमारास जर्मनीत ते जमले. अमेरिकेत ज्यांना जमले त्यांनी पद्धत बराच काळ गुपित ठेवली.

पेटीत उलगडलेला स्वभाव

एंजलविषयी आज जे माहीत आहे त्यातले पुष्कळसे पाने लावलेल्या काचेच्या पेटीसमोर बसलेल्या माणसांनी पाहिले. त्यांत शास्त्रज्ञ थोडे, घरगुती छंदवाले जास्त. काय पाहिले?

पहिली गोष्ट, हा मासा एकटा राहणारा नाही आणि सगळ्यांशी गोडीने राहणाराही नाही. लहानपणी ते थव्याने राहतात. मोठे होताना चढउतार ठरतो. जो वरचढ तो पेटीचा चांगला कोपरा घेतो आणि खाण्यावर पहिला हक्क सांगतो. दोघे समोरासमोर येऊन जबड्यात जबडा अडकवतात आणि ताणतात. हरलेला पर मिटून घेतो आणि पानांच्या मागे जातो. पेटीत पाने नसली तर त्याला मागे जायला जागाच नसते. रिकाम्या चकचकीत पेटीत दुबळ्या एंजलचा छळ होतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट संसाराची. थव्यातून जोडी आपोआप जुळते. आपण दोन मासे आणून टाकले म्हणजे जोडी होत नाही. नर-मादी बाहेरून ओळखणे अवघड असते. जोडी एखादे रुंद, उभे पान निवडते आणि तोंडाने घासून स्वच्छ करते. मादी ओळीने अंडी चिकटवत जाते, नर मागून येतो. अंडी काही शेकडा असतात. दोघेही आळीपाळीने परांनी पाणी हलवत राहतात आणि बुरशी लागलेली पांढरी अंडी वेचून काढतात. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण ती पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट धाग्यांनी पानाला लटकून वळवळत राहतात. आईबाप त्यांना तोंडात धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात. आणखी पाचेक दिवसांनी पिल्ले ढगासारखी उठतात आणि आईबापांच्या भोवती पोहू लागतात.

हे सगळे आता बाजारातल्या मोठ्या पैदास केंद्रांत फारसे दिसत नाही. तिथे अंड्यांची पाटी उचलून वेगळ्या भांड्यात ठेवतात, हवेचे बुडबुडे आईबापांच्या परांचे काम करतात आणि मिथिलिन ब्लू बुरशी थांबवते. पिल्ले जास्त वाचतात, मासा स्वस्त होतो. पण कित्येक पिढ्या आईबापांशिवाय वाढलेल्या या माशांपैकी पुष्कळजण स्वतःची अंडी खाऊन टाकतात, अशी जुन्या पाळणाऱ्यांची तक्रार असते. १९५० च्या दशकापासून काळे, लांब पिसाऱ्याचे, पुढे संगमरवरी ठिपक्यांचे एंजल तयार झाले. पान मागे पडले, पंख उरले.

तिसरी गोष्ट नजरेची. स्पेनच्या ओव्हिएदो विद्यापीठाचे लुईस गोमेझ-लाप्लाझा आणि टोरांटोचे रॉबर्ट गेर्लाई यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकट्या एंजलला दोन बाजूंना लहान-मोठे असे दोन थवे दाखवले. मोठा थवा लहान थव्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असला की तो मोठ्याकडे जातो, फरक त्याहून कमी असला की गोंधळतो. त्यांनी पुढे अन्नाच्या कमी-जास्त प्रमाणावरही प्रयोग केले. म्हणजे हा मासा पाहतो, तुलना करतो आणि लक्षात ठेवतो.

तो माणूसही लक्षात ठेवतो. आठ-पंधरा दिवसांत त्याला कळते की डबी कोणत्या हातात असते. तुम्ही खोलीत आलात की तो काचेशी येऊन वरखाली करू लागतो. घरातले म्हणतात, ‘बघा, भुकेला आहे.’ आजी चिमूटभर टाकते, शाळेतून आलेला नातू चिमूटभर टाकतो, रात्री घरमालक चिमूटभर टाकतो. प्रत्येकाचा हात घाटावरचाच असतो. मासा खोटे बोलत नाही. पण जंगली पाण्यात अन्न कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मिळेल तेव्हा मागणे हा त्याचा स्वभाव आहे. मागणे म्हणजे भूक नव्हे.

बाप आणि मुलगा

इथे वॉरिंग्टन घराण्याकडे परत यावे लागते. बापाने १८५० मध्ये सांगितले होते की वनस्पती आणि मासा एकमेकांना सांभाळतात. ते अर्धे खरे होते. मासा श्वास सोडतो त्याचा हिशेब त्यात होता. मासा खातो आणि विष्ठा टाकतो, उरलेले अन्न कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो, या विषाचा हिशेब त्यात पुरता नव्हता.

तो हिशेब मुलाने लावला, आणि तोही माशांचा विचार न करता. मुलाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो इंग्लंडातल्या रॉदमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ होता. जमिनीतल्या अमोनियाचे पिकाला लागणाऱ्या नायट्रेटमध्ये रूपांतर कसे होते, याचा त्याने १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून पाठपुरावा केला. हे काम सूक्ष्मजीव करतात आणि ते दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आले. त्याच काळात विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते सूक्ष्मजीव वेगळे काढून दाखवले. बापाच्या भांड्यातले मासे जगत होते ते वनस्पती आणि गोगलगायींमुळे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाणूंमुळेही. मुलाचे संशोधन शेतासाठी होते. आज प्रत्येक फिशटँकचा फिल्टर त्यावर चालतो.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे परके वाटायला नको. युरिया टाकला की त्याचे जमिनीत काय होते, ते तो हाताने जाणतो. जास्त टाकला की पीक करपते, हेही जाणतो. पेटीत टाकलेला प्रत्येक जादा दाणा म्हणजे पाण्यात टाकलेले खतच. फिल्टरमधले जिवाणू रोज ठरावीक अमोनिया पचवतात. नव्या पेटीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणली त्याच दिवशी सहा एंजल आणि वर भरपूर खाद्य, हा सर्वांत धोक्याचा मुहूर्त.

आपल्या मुलखात हा धोका दुप्पट होतो, त्याची कारणे इथल्या पाण्यात आणि हवेत आहेत. काळ्या बेसॉल्टच्या खडकातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते. पैदास केंद्रातला एंजल जड पाण्याशी जुळवून घेतो, ती अडचण मोठी नाही. अडचण ही की पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. पाने दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तीही श्वास घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्यात वीज गेली, पंप बंद पडला, की सकाळी दोन मासे उलटे तरंगतात. मग घरात चर्चा होते ती नजर लागल्याची किंवा वास्तूची. आदल्या रात्रीच्या तीन चिमटींची चर्चा होत नाही.

मुंबईहून खानदेशात

मराठी माणसाने काचेतले मासे डोळे भरून पाहिले ते मुख्यतः मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. सुमारे आठ लाख रुपये खर्च आला, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे. मुंबई पाहायला गेलेल्या खानदेशी कुटुंबाच्या यादीत राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला ठरलेले असत. २०१५ मध्ये काचेच्या बोगद्यासह ते नव्याने उघडले. २०२० च्या टाळेबंदीपासून त्याची दारे बंद झाली. एका पिढीला ते केवळ ऐकून माहीत राहील.

पुढे घरगुती पेट्या वाढल्या. कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटची दुकाने, कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईतले कोळत्तूर हे पैदासकारांचे उपनगर, या वाटांनी एंजल प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांतून जिल्ह्याच्या गावांत पोचला. ॲमेझॉनमधून आलेला मासा आपल्याकडे जवळपास नाहीच. आपला एंजल भारतात किंवा आग्नेय आशियात जन्मलेला असतो. गॉसच्या काळातल्या किनाऱ्यासारखे इथे कोणते पाणी उजाड होत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

मासा आला, पण त्याच्याबरोबर त्याच्या खाण्याचे ज्ञान आले नाही. त्या ज्ञानाचाही इतिहास आहे. आधीच्या छंदवाल्यांना रोज डबक्यावर जावे लागे. डासांच्या अळ्या, पाणपिसवा, गटारातले ट्युबिफेक्स गाळून आणावे लागत. १९३३ मध्ये अमेरिकेच्या ॲल्विन सील यांनी दाखवले की खारट पाण्यातल्या आर्टेमिया या सूक्ष्म कोळंबीसारख्या जिवाची सुकी अंडी हवी तेव्हा उबवून पिल्लांना जिवंत खाद्य देता येते. एंजलची पिल्ले वाढवणे त्यामुळे सोपे झाले. १९५० च्या दशकात जर्मनीच्या उलरिश बेन्श यांनी पापडीसारखे कोरडे खाद्य बाजारात आणले. डबी आली तशी डबक्यावरची फेरी संपली. फेरीबरोबर एक अंगभूत मर्यादाही संपली. जितके गाळून मिळेल तितकेच घालता येत होते, आता डबी कधी रिकामी होत नाही.

हाताचा हिशेब

एंजलला काय आणि किती द्यावे, हे या साऱ्या इतिहासातून निघते. तो मुळात शिकारी आहे. अळ्या, लहान कवचधारी जीव, छोटे मासे हे त्याचे खाणे. म्हणून नुसत्या पिठाच्या गोळ्या किंवा पोळीचा चुरा त्याला चालत नाही. चांगले कोरडे खाद्य, आठवड्यातून एकदोनदा डासांच्या अळ्या किंवा आर्टेमिया, एवढे पुरते. गटारातले ट्युबिफेक्स रोग आणतात, ते टाळावे. बोटाएवढ्या निऑन टेट्राला त्याच्याबरोबर ठेवू नये, मोठा एंजल त्याला एक दिवस गिळतोच. त्यात त्याचा दोष नाही.

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. खाद्य पेटीच्या दोन टोकांना टाकावे, म्हणजे वरचढ मासा एका टोकाला गुंतलेला असताना पानांमागचा दुबळा दुसऱ्या टोकाला खाऊन घेतो. पेटीची उंची दीड फुटाहून कमी नसावी, कारण हा मासा लांबीपेक्षा उंचीने वाढतो. आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. त्याला एकादशी म्हणावे, म्हणजे घरात कोणी मोडणार नाही. मोठा मासा एका उपासाने खंगत नाही, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना मागचे काम उरकायला वेळ मिळतो.

राहिला प्रश्न पाण्याचा. जिथे नळ आठवड्याने येतो तिथे पेटी ठेवणे हा चैनीचा प्रकार आहे का, असे मला विचारतात. प्रश्न योग्य आहे. पेटीतले पाव पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती भर टाकत राहिले तर क्षार साचत जातात. पण काढलेले पाणी टाकाऊ नसते. ज्या नायट्रेटचा धाकट्या वॉरिंग्टनने शोध घेतला, ते त्या पाण्यात विरघळलेले असते. तुळशीला, गच्चीवरच्या मिरचीच्या कुंडीला ते घालावे. कुंडीला तसेही पाणी घालायचेच असते, ते आधी माशांकडून जाऊन येते इतकेच. आणि ज्याला तेवढेही पाणी काढणे शक्य नाही, त्याने पेटी ठेवू नये. हे सांगायला संकोच नको.

सोमेश्वराच्या काळी माशाला चारणाऱ्याला मासा माहीत असावा लागे. घाटावर भाविकाला तो माहीत नसला तरी चालत होते, कारण नदी होती. काचेच्या पेटीने आपल्याला पुन्हा सोमेश्वराच्या जागी आणून बसवले आहे, फक्त हातात गळ नाही. एंजल काचेशी येऊन मागतो तेव्हा डबीकडे हात जाण्याआधी दोन मिनिटे त्याच्याकडे नुसते पाहावे. पोट खपाटीला गेले आहे का, पट्टे फिके पडले आहेत का, कोणी पानामागे दडून राहिला आहे का. बहुतेक वेळा उत्तर मिळते की आत्ता काही द्यायला नको. आपल्याकडे न देण्याला पुण्य म्हणत नाहीत. या एका माशाच्या बाबतीत म्हणायला हरकत नाही.